फाळके यांचे हुन्नर

उर्दूतील 'हुनर' हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. मराठीत तोच शब्द 'हुन्नर' असा लिहितात. ज्याच्या हाती एक हुन्नर आहे, त्याने दुसरा कशासाठी शिकावा? या प्रश्नाचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील एका माणसाच्या आयुष्यात सापडते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांनाच आपण दादासाहेब फाळके म्हणतो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. पण चित्रपटाकडे वळले तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते. त्याआधी त्यांनी काय काय शिकले, ते पाहा.

१८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला. छपाईसाठी लागणारे ठसे बनवण्याचे कामही ते शिकले. गोध्रा येथे त्यांनी फोटो काढण्याचा व्यवसाय केला. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून ते जादूसुद्धा शिकले आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. 'फाळके' हे नाव उलटे वाचा, म्हणजे गंमत कळेल.

पुढे भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांनी छपाईचा धंदा सोडला. मिळकत थांबली. अशा दिवसांत त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि हे काम आपणही करायचे, असे ठरवले. मग रोज चित्रपट पाहणे आणि रात्री जागून त्याचा अभ्यास करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. घरात लहान मुले होती. विमा म्हणजे त्या मुलांची पुढची भाकरी! हे धाडस सर्वांनी करावे असे नाही; पण शिक्षणाची किंमत त्यांनी किती मोठी मोजली, हे यावरून कळते. लंडनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम जवळून पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि काही आठवड्यांतच ते परतले.

त्या काळी नोकरी-धंदा सांभाळून नवे काही शिकणे सोपे नव्हते. आज खुद्द नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले. नोकरी करणारी माणसेही तेथे पाठ्यपुस्तके घरी वाचून अभ्यास करतात.

परत आल्यावर जुने हुन्नर उपयोगी पडले. चित्रकला येत होती म्हणून देखाव्यांचे पडदे स्वतः रंगवता आले. फोटोग्राफी येत होती म्हणून अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याची भीती वाटली नाही. जादूगाराची नजर होती म्हणून पडद्यावर चमत्कार कसे दाखवावेत, हे सुचले.

एकट्याने शिकून मात्र चित्रपट होत नाही. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडायला शिकल्या. कोऱ्या फिल्मला छिद्रे नसत. कॅमेऱ्यातील चाकाचे दात त्या छिद्रांत अडकतात, तेव्हाच फिल्म पुढे सरकते. फिल्मला उजेड चालत नाही. म्हणून हे काम अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने करावे लागे. दिवसा त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. तेलंग नावाच्या मित्राला फाळके यांनी कॅमेरा चालवायला शिकवले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर फाळके नाशिकला येऊन राहिले व तेथेच चित्रपट बनवू लागले.

'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले होते. हे साळुंके मुंबईच्या एका उपाहारगृहात नोकरीला होते. स्त्रिया चित्रपटात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून फाळके यांनी त्यांना निवडले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पण त्यांनी नुसता अभिनय केला नाही, तर कॅमेऱ्याचे कामही शिकून घेतले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. तिच्या काही चित्रपटांचे छायाचित्रण साळुंके यांनी केले. उपाहारगृहातील नोकर आता कॅमेऱ्यामागे उभा होता.

१९३१ साली भारतात बोलपट आला आणि धंद्याची रीतच बदलली. फाळके तेव्हा साठी ओलांडून गेले होते. 'सेतुबंधन' हा मूकपट त्यांनी तयार केला. पण प्रेक्षकांना आता आवाज हवा होता, म्हणून मागाहून त्यात आवाज भरावा लागला. तरीही त्यांनी हार मानली नाही. सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, त्यांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा बोलपट पूर्ण केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.