पेसमेकर आणि उंद्रीचे शिवार

पेसमेकर बसवून घरी परतलेल्या मनुष्याकडे आपल्या उंद्रीत कौतुकापेक्षा धास्तीनेच अधिक पाहिले जाते. कोणी त्याच्याजवळचा मोबाईल उचलून नेतो, कोणी त्यास टीव्हीसमोर बसू देत नाही, आणि ज्याची हयात सोयाबीन-कपाशीत गेली तो इसम ओसरीवरच्या बाजेवर नाहक जखडला जातो. वास्तविक हृदयाची मंदावलेली गती सावरून माणसाने पूर्ववत हिंडावे-फिरावे, एवढ्याचसाठी ही तजवीज असते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविलेले असे पहिले यंत्र काही तासांतच निकामी झाले. परंतु एकामागून एक यंत्रे बदलीत हे गृहस्थ २००१ पर्यंत जगले, आणि ८६ व्या वर्षी त्यांना मृत्यू आला तो हृदयविकाराने नव्हे, कर्करोगाने.

मोबाईल बेलाशक वापरावा. मात्र तो यंत्रावरच्या खिशात न ठेवता दुसऱ्या बाजूच्या कानास लावावा, म्हणजे सहा इंचांचे अंतर आपोआप राखले जाते. इंडक्शन चुलीपासून दोन फूट दूर राहावे. मिक्सर, टीव्ही यांचे भय नको. खरे भय आहे ते शिवारात: अर्थिंग नसलेली विहिरीवरची मोटर आणि रोही-डुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार यांना पेसमेकरवाल्याने हात लावू नये, तार बंद करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. वेल्डिंगचा व्यवसाय असल्यास डॉक्टरांस विचारल्याशिवाय होल्डर हाती धरू नये.

पहिले चार ते सहा आठवडे यंत्राच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये व पोते उचलू नये, कारण हृदयात सोडलेली तार जागची हलण्याचा संभव असतो. पण म्हणून हात गळ्यात बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. जखमेवर हळद भरणाऱ्या आजीबाईंचा हेतू निर्मळ असला तरी त्यांना नम्रपणे थोपवावे. तेथे लाली, सूज किंवा पू दिसल्यास अथवा ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. भोवळ येणे, किंवा थांबता न थांबणारी उचकी, हेही कळवावे.

यंत्राचे ओळखपत्र पेटीच्या तळाशी न ठेवता जवळ बाळगावे. एमआरआय करता येईल की नाही, हे त्यावरूनच ठरते. बॅटरी साधारणतः ८ ते १२ वर्षे पुरते आणि तिची अखेर तपासणीत काही महिने आधी कळते. परंतु वर्षभर बरे वाटले की अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरची फेरी टाळणारेच मला अधिक भेटतात.

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास जड असली तरी घरच्यांस आधीच सांगून ठेवावी: दहनापूर्वी हे यंत्र डॉक्टरांकरवी काढून घ्यावे लागते, कारण चितेच्या उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो.