नव्या घरांतील संरचित तारजोडणी : मदन महलच्या संदर्भात एक अभ्यास

पायाभूत सुविधा म्हटले की रस्ते, वीज, पाणी आणि रेल्वे यांचा विचार प्रथम होतो. दूरसंचाराची पायाभूत सुविधाही आपण मनोरे आणि भूमिगत केबल यांच्यापुरतीच मर्यादित मानतो. प्रत्यक्षात या साखळीचा शेवटचा दुवा घराच्या भिंतीत असतो. रस्त्यापर्यंत ऑप्टिकल फायबर आले, पण घरात ते नेण्यास नळीच नसेल, तर सार्वजनिक गुंतवणुकीचा पुरेपूर लाभ कुटुंबाला मिळत नाही. हा दुवा नियोजनपूर्वक कसा उभारावा आणि त्यामागील अर्थशास्त्र कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मदन महल : पार्श्वभूमी

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. जबलपूरमधील मदन महल हा भाग गोंड राजवटीतील टेकडीवरच्या किल्ल्यामुळे आणि त्याच नावाच्या रेल्वे स्थानकामुळे परिचित आहे. दूरसंचाराच्या इतिहासातही या शहराला स्थान आहे. भारत संचार निगमची भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था येथेच आहे, तसेच दूरसंचार कारखानाही याच शहरात उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या २० शहरांत जबलपूरची निवड झाली.

अशा शहरांतील जुन्या वस्त्यांमध्ये बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या घरांत तारांचे थर कालक्रमाने साचत गेलेले दिसतात. प्रथम दिवाणखान्यातील दूरध्वनीसाठी तांब्याची एक जोडतार आली. १९९० च्या दशकात केबल दूरदर्शनची तार गच्चीवरून खिडकीतून आत शिरली. २००५ नंतर दूरध्वनीच्या त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड मिळू लागले आणि पुढे फायबर आले. प्रत्येक सेवेने आपली तार स्वतंत्रपणे आणली. समग्र विचार कोणीच केला नाही. नवे घर बांधताना हीच पद्धत चालू ठेवावयाची काय, हा खरा प्रश्न आहे.

संरचित तारजोडणी म्हणजे काय?

घरातील दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि संगणक जाळे यांच्या सर्व तारा एका मध्यवर्ती पेटीत आणून तेथून प्रत्येक खोलीपर्यंत स्वतंत्रपणे नेण्याच्या पद्धतीस संरचित तारजोडणी म्हणतात. एका सॉकेटमधून दुसऱ्या सॉकेटकडे तार पुढे नेण्याच्या जुन्या साखळी पद्धतीत एका ठिकाणचा बिघाड पुढील सर्व ठिकाणी पोहोचतो. तारकाकृती रचनेत बिघाड त्या एकाच खोलीपुरता मर्यादित राहतो.

या रचनेचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत :

१. प्रवेशनळी : रस्त्यावरून किंवा इमारतीच्या उभ्या वाहिनीतून घरात येणारी नळी.

२. मध्यवर्ती पेटी : फायबरचे उपकरण, राउटर आणि स्विच ठेवण्याची हवेशीर जागा. तेथे विजेचे स्वतंत्र सॉकेट आवश्यक असते.

३. जाळ्याची तार : चार पिळलेल्या जोड्यांची तांब्याची तार. कॅट-५ई तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. कॅट-६ तारेवर सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट वेग शक्य होतो, तर कॅट-६ए तार हाच वेग १०० मीटरपर्यंत देते. घरातील अंतरे याहून बरीच कमी असल्याने सर्वसाधारण कुटुंबास कॅट-६ पुरेशी ठरते.

४. दूरचित्रवाणीची तार : ७५ ओहमची आरजी-६ समाक्ष तार.

५. खोलीतील सॉकेट : किमान अभ्यासाची जागा आणि दूरचित्रवाणीची जागा येथे प्रत्येकी एक.

विजेच्या तारा आणि या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत. सुरक्षिततेसाठी आणि संदेशातील व्यत्यय टाळण्यासाठी दोहोंत अंतर ठेवणे आवश्यक आहे.

अर्थशास्त्रीय आधार

पहिला मुद्दा वेळेचा आहे. गिलावा होण्यापूर्वी भिंतीत नळी बसविण्याचा सीमांत खर्च अल्प असतो. घर पूर्ण झाल्यानंतर तेच काम करावयाचे तर भिंतीत झिरी पाडणे, गिलावा, रंगकाम आणि कुटुंबाची गैरसोय हे सर्व खर्च त्यात मिळतात. केवळ समजण्यासाठी आकडे गृहीत धरू. आज नळ्यांचा खर्च ३,००० रुपये असून पाच वर्षांनी हेच काम करण्यास २०,००० रुपये लागतील असे मानू. ८ टक्के वार्षिक सूट दराने त्या २०,००० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे १३,६०० रुपये होते. म्हणजेच पुढे नळीची गरज भासण्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांहून अधिक असेल, तर आजचा खर्च समर्थनीय ठरतो. शिक्षण आणि नोकरी यांचे स्वरूप पाहता ही शक्यता त्याहून पुष्कळ अधिक आहे.

दुसरा मुद्दा विकल्पमूल्याचा आहे. तारेचे तंत्रज्ञान बदलते, नळी मात्र बदलत नाही. ब्रॉडबँडची किमान व्याख्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. घराचे आयुष्य मात्र कित्येक दशकांचे असते. म्हणून सर्वांत महाग तार घालण्यापेक्षा जुनी तार ओढून नवी घालता येईल अशी पुरेशा व्यासाची नळी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

तिसरा मुद्दा माहितीच्या असमतोलाचा आहे. फरशी आणि रंग ग्राहकाला दिसतात, भिंतीतील नळी दिसत नाही. न दिसणाऱ्या गुणवत्तेची किंमत बाजारात मिळत नसल्याने बांधकाम व्यावसायिकास ती पुरविण्याची प्रेरणा नसते.

चौथा मुद्दा मक्तेदारीचा आहे. इमारतीत एकाच कंपनीस प्रवेश असेल, तर शहरात अनेक सेवादाते असूनही त्या इमारतीतील रहिवाशांना निवड उरत नाही. सामायिक उभी वाहिनी ही स्पर्धेची पूर्वअट आहे.

कायदेशीर व धोरणात्मक चौकट

स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने येथे केंद्र व राज्य यांतील अधिकारांची विभागणी लक्षात घ्यावी. दूरसंचार हा विषय संघसूचीतील ३१ व्या नोंदीत येतो. जमीन आणि स्थानिक शासन हे राज्यसूचीतील विषय आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन तसेच जमीनवापर व इमारत बांधकामाचे नियमन यांचा समावेश आहे. परिणामी फायबरचे धोरण दिल्लीत ठरते, तर भिंतीतील नळीचा नियम राज्य आणि महानगरपालिका यांच्या हाती असतो. मध्य प्रदेशात या संदर्भात भूमी विकास नियम, २०१२ लागू आहेत.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या आठव्या भागात माहिती व संपर्क सुविधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र राज्याने किंवा स्थानिक संस्थेने स्वीकारल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही. २०१७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, इमारतींतील प्रवेशाबाबत शिफारशी केल्या. मार्च २०२२ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींना डिजिटल संपर्क सुविधांची पुरवणी जोडली. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने मार्गाधिकाराला नवा वैधानिक पाया दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने मालमत्तांना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम जारी केले. माहितीचा असमतोल दूर करण्याचा हा प्रयत्न होय.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १४ हेही महत्त्वाचे आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकाम, कारागिरी अथवा सेवांच्या तरतुदीतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. करारपत्रात तारजोडणीचा स्पष्ट उल्लेख असल्यास या तरतुदीचा आधार घेणे सुकर होते.

सुरक्षितता आणि भूगोल

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. विटांच्या भिंतीत नंतर पाडलेल्या खोल, विशेषतः आडव्या झिऱ्या तिची मजबुती कमी करतात. स्तंभ आणि तुळया तर कधीही कोरू नयेत. त्यामुळे भूकंपाचा अनुभव असलेल्या शहरात नळ्यांचे पूर्वनियोजन हा सोयीबरोबरच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. मदन महलची टेकडी ग्रॅनाइटची आहे. अशा खडकाळ भूभागात प्रत्येक कंपनीने वेगळी खोदाई करणे म्हणजे खर्चाची पुनरावृत्ती होय. रस्ता बांधतानाच सामायिक नळी टाकणे समाजाच्या दृष्टीने स्वस्त पडते.

काही आक्षेप

वाय-फाय असताना तारा कशासाठी, असे विचारले जाते. वाय-फायचे संदेश काँक्रीट आणि विटांच्या भिंतींतून जाताना क्षीण होतात आणि शेजारच्या घरांतील संदेशांशी त्यांचा संघर्ष होतो. दूरच्या खोलीत चांगले वाय-फाय हवे असेल, तर तेथील उपकरणापर्यंत तार नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. येथे दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील लहान घरास संपूर्ण व्यवस्था परवडणार नाही, हे खरे. परंतु त्या घरास एक प्रवेशनळी, एक सॉकेट आणि त्याजवळ विजेची जोडणी एवढे पुरते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा या सुविधेचा अभाव कोणाला सर्वाधिक जाणवला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी मर्यादा विजेची आहे. तांब्याच्या जुन्या दूरध्वनीस दूरध्वनी केंद्रातूनच वीज मिळे. घरची वीज गेली तरी तो चालत असे. फायबरचे उपकरण घरच्या विजेवर चालते. म्हणून मध्यवर्ती पेटीजवळ लहान बॅटरीची सोय ठेवावी.

समारोप

आराखड्यातच पेटीची जागा निश्चित करणे, गिलाव्यापूर्वी नळ्या बसविणे, प्रत्येक नळीत ओढदोरी ठेवणे, तारांना दोन्ही टोकांस खुणेच्या पट्ट्या लावणे, त्यांची चाचणी घेणे आणि नकाशा घरमालकाच्या हाती देणे, असा हा साधा क्रम आहे. यांतील एकही काम अवघड नाही. ते योग्य वेळी होणे महत्त्वाचे आहे. डिजिटल समावेशनाचे यश फायबरच्या किलोमीटरवरून मोजले जाते. ते फायबर अभ्यासाच्या टेबलापर्यंत पोहोचले काय, हेही मोजले गेले पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. घरातील तारजोडणीच्या संदर्भात ‘माहितीचा असमतोल’ ही संकल्पना स्पष्ट करा.

२. दूरसंचार संघसूचीत आणि इमारत नियमन स्थानिक संस्थांकडे असल्याने उद्भवणाऱ्या समन्वयाच्या प्रश्नांची चर्चा करा.

३. सामायिक वाहिनीमुळे स्पर्धेस चालना कशी मिळते, ते सोदाहरण लिहा.