कमरेला लावायचा घोडा कितीला पडतो?

विट्याकडचे एक पाहुणे गेल्या महिन्यात घरी आले होते. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तिसरी पिढी. दुकान दक्षिणेत, शेती इकडे, आणि वर्षातले काही दिवस सोनं किंवा रोकड बरोबर घेऊन प्रवास. चहा घेता घेता त्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर अमेरिकेतलं एक सडपातळ पिस्तूल होतं. शर्टाखाली दिसणार नाही इतकं चपटं, आत दहा गोळ्या, आणि वरच्या बाजूला बटणाएवढी काच बसवायची सोय. त्या काचेत लाल ठिपका दिसतो, तो लक्ष्यावर टेकवला की नेम झाला. ‘‘भाऊ, हे आपल्याकडं कितीला पडंल?’’

मी म्हटलं, हे आपल्याला कितीलाही पडणार नाही. मिळतच नाही. पाहुण्यांचा चेहरा पडला खरा, पण हाच प्रश्न सांगलीच्या सराफ कट्ट्यावर, बेदाण्याच्या सौद्यात आणि हळदीच्या पेठेतही ऐकू येतो. जून २०२३ मध्ये सांगली-मिरज रस्त्यावरच्या सराफी दालनावर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला, तो अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून हिशेब नीट मांडलेला बरा.

आधी ते मोबाईलमधलं पिस्तूल. २०१८ साली सिग सावरचं पी-३६५ आलं, पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, ग्लॉकचंही एक सडपातळ मॉडेल आहे. तिन्ही ९ मिलिमीटरची, आणि घोडं तिथंच अडतं. ९ मिलिमीटर हा आपल्याकडं ‘प्रतिबंधित बोअर’ आहे, म्हणजे लष्कर-पोलिसांचा. त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, तो दिल्लीत केंद्रीय गृहखात्याकडं, आणि व्यापाऱ्याला तो मिळेल अशी आशा धरू नये. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य ग्राहकासाठी हत्यारांची आयातच बंद आहे. म्हणूनच जुनी विलायती वेब्ली किंवा वॉल्थर एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडं जाते तेव्हा तिची किंमत लाखांत बोलली जाते. पोलाद तेच असतं, पैसे दुर्मीळपणाचे मोजावे लागतात. हौस असेल तर घ्या, पण संरक्षणासाठी पन्नास वर्षांच्या स्प्रिंगवर भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही.

मग मिळतं काय? मुख्यतः .३२ बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं आपल्याकडच्या परवानाधारकांच्या कमरेला आहे. २०१४ साली ‘निर्भीक’ आली. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या वर. महिलांसाठी म्हणून तिचा गाजावाजा झाला आणि त्या किमतीवरून टीकाही झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आली. वजन गोळ्यांशिवाय ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं. तिची किंमत सुमारे १ लाख ४० हजार सांगितली गेली. ज्याला पिस्तूलच हवं त्याच्यासाठी .३२ चं ‘अशनी’ आहे. खासगी कारखानेही आता आले आहेत. उत्तर प्रदेशात वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं रिव्हॉल्व्हर बनते, हरियाणात हिस्सारला जिंदल आणि ब्राझीलची टॉरस कंपनी मिळून हत्यारं बनवतात. .२२ ची ‘निडर’ जेमतेम पाव किलोची, खिशात मावणारी, पण तिची गोळी फारच लहान.

दुकानात जाण्याआधी एक फरक पाठ करा. .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं वेगळी आणि .३२ पिस्तुलाची वेगळी. आकडा एकच असल्यानं घोटाळा होतो. परवान्यावर हत्याराचा प्रकार काय लिहिलाय, त्यावरच सगळं ठरतं.

आता कर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा टीव्ही आणि छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच फेऱ्यात रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या खणात गेली. कारखान्याची मूळ किंमत १ लाख असेल तर पूर्वी १ लाख २८ हजार पडायचे, आता १ लाख ४० हजार. म्हणून कुणी जुनी किंमत सांगितली तर ‘करासहित का कराशिवाय’ एवढं विचारा आणि दरपत्रक लेखी घ्या.

लाल ठिपक्याच्या काचेचं काय? आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरवर ती बसवायची सोयच नसते. कुणी मिस्त्री ‘वरून घासून बसवून देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. हत्याराला हात लावायचा अधिकार फक्त परवाना असलेल्या कारागिराला आहे, आणि नळी तोडणं किंवा प्रकार बदलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तसंही ज्या अंतरावर हे हत्यार काढायची वेळ येईल, ते आपल्या ओसरीएवढं असतं. काचेचे पैसे सरावाला लावावेत.

आणि ‘दिसू नये’ ही पाहुण्यांची अट? ती नुसती त्यांची हौस नाही, कायदाच तसं सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. शर्ट खोचून, मूठ दिसेल अशी ठेवून लग्नात मिरवणारे आपल्याकडं कमी नाहीत. ते सगळे नियम मोडत असतात. वरातीत किंवा यात्रेत हवेत बार काढणाऱ्याला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. चांगलं चामड्याचं होल्स्टर आणि जाड पट्टा यांना दोन-तीन हजार वेगळे काढा. पातळ पट्ट्यावर अर्धा किलो लोखंड लोंबकळलं की दिवसभर हात तिथंच जातो, आणि मग काय लपवलंय ते सगळ्या गावाला कळतं.

आता परवाना. पाहुण्यांना वाटत होतं हा शेवटचा सोपस्कार आहे. पण सुरुवातच तिथून करायची, कारण परवान्याशिवाय दुकानदार तुम्हाला हत्यार विकू शकत नाही. सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं अर्ज विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथून तो पोलिसांकडं जातो. ठाण्याचा माणूस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गुन्ह्यांची नोंद तपासतो आणि अहवाल वर जातो. वय २१ पूर्ण हवं. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. सरकारी फी या सगळ्यात सर्वांत किरकोळ रक्कम आहे.

खरा प्रश्न एकच विचारला जातो: तुम्हाला कशासाठी हवं? ‘धंदा मोठा आहे’ एवढ्यानं भागत नाही. धमकीची तक्रार, लूटमारीचा गुन्हा दाखल असेल तर त्याची प्रत, रोकड किंवा सोनं कुठून कुठं आणि महिन्यातून किती वेळा नेता याचा तपशील, आयकर विवरणपत्रं हे सगळं जोडा. गलाईवाल्यांनी आणखी एक बघावं. परवान्याची हद्द त्यावरच लिहिलेली असते. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन कोईमतूरच्या गाडीत बसलात तर सीमा ओलांडताच तुम्ही विनापरवाना. देशभराची हद्द हवी असेल तर कारणासह तसं मागावं लागतं. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा. कलम १८ खाली अपिलाची वाट आहे, मुदत मात्र चुकवू नका.

कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ‘आतलं बघतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. माझ्या ओळखीच्या एकानं अशा माणसाला चाळीस हजार दिले. परवाना आला नाही, तो माणूसही परत दिसला नाही.

दुसरी पळवाट याहून महाग. मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारा गावठी कट्टा सांगलीतही पकडला जातो. विनापरवाना हत्याराला दोन ते पाच वर्षं, आणि प्रतिबंधित बोअरचं निघालं तर सात ते चौदा. तो कट्टा हातात फुटला तर औषधपाणी वेगळं.

परवाना आला असं धरा. मग हत्याराला दीड लाख. पन्नास काडतुसांना, एकेकाला शंभर रुपये धरले तरी, पाच हजार, आणि वर्षाला किती घ्यायची ती मर्यादा परवान्यावर असते. भिंतीत बोल्टनं बसवायची छोटी तिजोरी, कारण कपाटातल्या साड्यांखाली रिव्हॉल्व्हर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरांत नातवंडंही होती. प्रशिक्षण आणि सराव. सगळं धरून दोन लाखांच्या आत कुणी सुटत नाही. परवाना पाच वर्षांचा, नूतनीकरण मुदतीआधी करायचं.

शिवाय निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याच्या नोटिसा निघतात. जिल्ह्याची छाननी समिती कुणाला सूट द्यायची ते ठरवते, बाकीच्यांनी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात ठेवायचं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, महापालिका अशी रांग लागली की वर्षातले कित्येक आठवडे तुमचा दीड लाखाचा ऐवज दुसऱ्याच्या कपाटात असतो. जमा करताना क्रमांकासह पावती घ्या आणि परत घेताना नळीत गंज चढलाय का ते तिथंच बघा.

याच पैशात दुसरं काय होतं? पाहुण्यांना मी विचारलं, माल विम्यात आहे का? नव्हता. सराफी मालाचा वाहतुकीसह विमा मिळतो. परवानाधारक एजन्सीचा सशस्त्र रक्षक त्या एका फेरीपुरता घेता येतो. सातारा-सांगलीत निवृत्त फौजींची कमी नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं अख्खं गावच सैन्यात गेलेलं आहे. ज्यानं वीस वर्षं हत्यार हाताळलंय त्याचा हात आणि यूट्यूब बघून शिकलेला आपला हात यांत फरक असतोच. दरोडेखोर चौघं येतात आणि त्यांचं हत्यार आधीच बाहेर असतं. जो माणूस एकटा, रात्रीचा, ठरावीक रस्त्यानं जातो आणि ज्याला खरंच धमकी आली आहे, त्यानं रिव्हॉल्व्हरचा विचार करावा. बाकीच्यांनी आधी रस्ता आणि वेळ बदलून बघावी, ते फुकट आहे.

पाहुणे उठता उठता म्हणाले, आज्याची दुनळी बारा बोअर अजून माळ्यावर आहे. आजा जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांना परत खाली बसवलं. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात ठेवायचा हक्क आपोआप कुणाकडं येत नाही. ती जमा करून वारसानं आपल्या नावावर परवाना मागायचा असतो. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं असली तर हयातीतच वारसाकडं देता येते. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यात वारशाचंही मोजलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. पिस्तुलाचं नाव नव्हतं. मृत्यूचा दाखला आणि आज्याचा जुना परवाना सापडलाय, आणखी काय काय लागंल, एवढंच विचारत होते.