ट्रकमधली चिप

शिरवळ आणि खंडाळा मागे टाकून साताऱ्याकडे निघाले की खंबाटकीचा चढ लागतो. भरलेला ट्रक इथे दमतो. गिअर खाली येतो, मागे गाड्यांची रांग लागते. ड्रायव्हरला वाटते, इंजिनात थोडा आणखी जोर असता तर! ही हौस ओळखून बाजारात एक डबी आली आहे. हाताच्या पंजात मावेल एवढी. तिला चिप म्हणतात. आपल्याकडे आता वाडीवाडीत ट्रक-टेंपो झाले आहेत. तेव्हा ही चिप काय करते आणि बिघडली तर काय पाहावे, ते आपण समजून घेऊ.

जुन्या ट्रकात डिझेल कमीजास्त करायचे तर मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवी. नव्या इंजिनात तसे नाही. तिथे सगळ्या नोझलांना मिळून एक जाड नळी असते. तिला रेल म्हणतात. पंप या रेलमध्ये डिझेल दाबून भरतो. हा दाब किती असतो? ट्रकच्या टायरात हवेचा दाब सुमारे ८ बार असतो. रेलमध्ये डिझेलाचा दाब १५०० बारच्याही वर जातो! एक सेन्सर हा दाब मोजतो आणि ईसीएमला कळवतो. ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू. किती डिझेल सोडायचे ते तोच ठरवतो.

चिप या दोघांच्या मध्ये बसते आणि खोटी खबर देते. समजा, दाब १००० आहे. चिप सांगते, ९०० आहे. मेंदू म्हणतो, कमी पडला, वाढवा. कोठीवरच्या कारकुनाने धान्य कमी दाखवले की मालक आणखी पोती पाठवतो ना, तसेच हे. डिझेल जास्त जाते, म्हणून जोर वाढतो. चिपमध्ये स्वतःचा जोर काही नाही.

जास्त डिझेल जाळायला हवाही जास्त लागते. ती पुरली नाही तर काळा धूर निघतो. लांब चढावर इंजिन आणि टर्बो फार तापतात. क्लच प्लेटवरही ताण येतो. म्हणून चिपचा आकडा सर्वांत खालचा ठेवावा. ओव्हरलोड गाडीला तर ती लावूच नये, असे आमचे मत आहे.

आता बिघाडाचे पाहू. चेक लाइट लागते, गाडी पिकअप धरत नाही, मेंदू आपोआप हात आखडता घेतो. दोष चिपचा की गाडीचा? हे ओळखायची रीत सोपी आहे. चावी बंद करावी. थोडा वेळ थांबावे. चिप काढून कंपनीचा मूळ प्लग सेन्सरला जसा होता तसा जोडावा. मग गाडी चालवून पाहावी. गाडी नीट चालली तर दोष चिपमध्ये किंवा तिच्या वायरिंगमध्ये. तरीही चालली नाही, तर चिपला बोल लावण्यात अर्थ नाही.

आमच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचे असेच झाले. कांदा भरून घाट चढताना गाडी बसली. चिप विकणाऱ्याला त्याने फोनवर नाही नाही ते ऐकवले. मिस्त्रीने चिप काढली. गाडी तशीच! शेवटी डिझेल फिल्टर उघडला, तर आत काळा गाळ. डिझेल पुढे जातच नव्हते. चिप दाब मागत होती आणि तुंबलेला फिल्टर तो देऊ देत नव्हता. म्हणून चिप असलेल्या गाडीचे डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर वेळेआधी बदललेले बरे. टर्बोचा रबरी होज चिरला आहे का, क्लिप ढिली आहे का, तेही पाहावे.

चिपची स्वतःची निगा थोडीच. पाणी, उष्णता आणि हादरा हे तिचे तीन वैरी. ती इंजिनाला चिकटवून ठेवू नये, बाजूला पक्की बांधावी. वायर सायलेन्सरला घासू देऊ नये. गाडी धुताना प्रेशरचे पाणी तिच्यावर मारू नये. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. पॉलिश कागदाने खरवडू नयेत. चिपबरोबर मिळालेला कागद केबिनमध्ये जपून ठेवावा. आता वाचता येते, तर त्याचा उपयोग करावा.

कायद्याचीही गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे कलम ५२ सांगते की कंपनीच्या मूळ नमुन्याहून वेगळा बदल मालकाने गाडीत करू नये. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी वॉरंटीत असेल तर तीही जाते. विम्याचा दावा अडू शकतो. विकणारा हे बहुधा सांगत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. इंजिन चालू असताना रेलची नळी कधीही सोडू नका. गळती हाताने चाचपू नका. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही. पण आत मांस सडू लागते. बोट, कधी हातही गमवावा लागतो. गळती पाहायची तर इंजिन बंद करावे आणि नळीवर पुठ्ठा धरून मगच ते चालू करावे. डिझेलाचा डाग पुठ्ठ्यावर उमटतो. धार लागलीच तर हळद लावून घरी बसू नये. लगेच मोठ्या दवाखान्यात जावे, आणि डॉक्टरांना नुसते 'लागले' न म्हणता 'प्रेशरचे डिझेल कातडीखाली गेले' असे सांगावे.