नॅनोतंत्रज्ञान : लाभ आणि दक्षता

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले असता त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. सर्वसाधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा उपयोग करून घेणारे शास्त्र म्हणजे नॅनोतंत्रज्ञान होय. पदार्थ इतका सूक्ष्म झाला की त्याचे वर्तन पालटते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. म्हणून असा पदार्थ अधिक क्रियाशील होतो. त्याची उपयुक्तता यातच आहे आणि त्याविषयीच्या शंकेचे मूळही यातच आहे.

ही शंका समजून घेण्यासाठी आपण अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास आठवू. आगीला दाद न देणारा हा स्वस्त तंतू जगभर वापरला गेला. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या परिसरात आढळलेल्या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचा या तंतूशी असलेला संबंध वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडला. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी येण्यास मात्र १९९९ साल उजाडले. या विलंबाची किंमत प्रामुख्याने कामगारांनी मोजली.

कार्बनच्या नॅनोनलिकाही अशाच लांब, बारीक आणि चिवट असतात. एडिंबरो विद्यापीठातील केन डोनाल्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत या नलिका सोडून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लांब नलिकांमुळे आतील आवरणाला दाह झाला व गाठी उद्भवल्या. आखूड, गुंतलेल्या नलिकांमुळे तसे घडले नाही. शरीरातील भक्षक पेशी परका कण गिळून नाहीसा करते. परंतु कण पेशीपेक्षाही लांब असेल तर तो पूर्ण गिळता येत नाही आणि दाह चालूच राहतो. या प्रयोगाने माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध केले नाही. कोणता आकार घातक ठरू शकतो, हे मात्र दाखवून दिले.

त्यापुढील पावले महत्त्वाची आहेत. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कारखान्यातील हवेत अशा कार्बनची मर्यादा दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी सुचविली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या नलिकेस ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरविले. इतर प्रकारांविषयी पुरावा अपुरा असल्याचे नोंदविले. माती, पाणी व वनस्पती यांवरील परिणाम तपासण्यासाठी ड्यूक विद्यापीठात २००८ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तेथे खुल्या वातावरणात कृत्रिम पाणथळी उभारून चांदीच्या सूक्ष्मकणांचा अभ्यास केला गेला.

यातून आपण काय घ्यावे? ‘नॅनो’ या शब्दाला भुलू नये, तसेच भिऊही नये. कण कोणता, त्याचा आकार कसा, तो शरीरात कोणत्या मार्गाने व किती प्रमाणात जातो, हे प्रश्न विचारावेत. वस्तूत घट्ट बसलेला कण आणि हवेत उडणारी धूळ यांत मोठे अंतर आहे. आपली मुले उद्या प्रयोगशाळेत संशोधक होतील, तशीच कारखान्यात कामगारही होतील. धोक्याचा शोध आधी लागावा आणि कामगाराचा श्वास नंतर पणाला लागू नये, एवढ्यासाठी हे प्रश्न विचारण्याची सवय त्यांना शालेय वयातच लागली पाहिजे, असे आम्हांस वाटते.