सुट्टीची सहल आणि घरातला सर्वांत नाजूक माणूस

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचे? बजेट बेताचे असते, मुलांचा हट्ट मोठा असतो आणि आजी-आजोबांनाही समुद्र पाहायचा असतो. मग तीन दिवसांत पाच ठिकाणे बसवली जातात. सहल संपते आणि पुढचा आठवडा आमच्यासारख्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जातो. कोणाला जुलाब, कोणाचा ताप, कोणाची साखर वाढलेली, कोणाचे पाय सुजलेले. राहण्या-जेवणात वाचवलेले पैसे सलाइन आणि औषधांत जातात.

म्हणून एक साधा नियम सुचवतो. सहल घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला झेपेल अशी आखावी. दोन वर्षांचे बाळ असो, सत्तरीची आजी असो की इन्सुलिन घेणारे वडील असोत. त्यांना जे झेपते ते इतरांना सहज झेपते. आणि गंमत अशी की अशी सहल बहुधा स्वस्तही पडते.

एक ठिकाण, एकच मुक्काम

उदाहरण म्हणून सातारा-कऱ्हाडकडच्या एखाद्या कुटुंबाची गुहागरची सहल घेऊ. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तेथून गुहागर. रोज नवे गाव धरण्याऐवजी गुहागरलाच तीन रात्री मुक्काम करावा. सकाळ-संध्याकाळ समुद्रकिनारा, व्याडेश्वराचे दर्शन आणि एके दिवशी वेळणेश्वर व हेदवीचा दशभुजा गणेश एवढे पुरे. रोजची बांधाबांध टळते, गाडीभाडे वाचते, म्हाताऱ्या माणसांना दुपारी आडवे होता येते आणि मुलांची झोप मोडत नाही. घरगुती राहण्या-जेवणाची सोय कोकणात चांगली मिळते. शनिवार-रविवार टाळले तर जागाही सहज मिळते.

प्रवास एसटीने केला तर खर्च बराच आटोक्यात येतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ सालापासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे लागते आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. वयाचा पुरावा जवळ ठेवावा आणि निघण्याआधी आगारात एकदा चौकशी करावी.

घाटातली मळमळ

घाटात उलट्या होणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि पोटभर तळकटही खाऊ नये. पोळी-भाजी, भात किंवा साधा उपमा असे हलके खावे. गाडीच्या पुढच्या भागात बसावे, खिडकी उघडी ठेवावी, नजर दूरच्या डोंगरावर ठेवावी. पुस्तक किंवा मोबाईल वाचला की मळमळ हमखास वाढते. उलटीची गोळी घ्यायचीच तर घाट लागण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. घाटात शिरल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. दोन वर्षांखालील बाळाला ही गोळी देऊ नये. मोठ्या मुलाला किती द्यायची ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

पाणी आणि खाणे

सहलीतला सर्वांत महाग आजार जुलाबाचा. त्याचे कारण बहुतेक वेळा पाणी किंवा बर्फ असतो. ज्या घरी उतराल तेथे पिण्याचे पाणी चांगले खळखळून उकळून देण्यास सांगावे. कोकणातल्या घरी हे सांगायला संकोच नको. उसाच्या रसात, सरबतात किंवा गोळ्यात घातला जाणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही, तेव्हा तो टाळावा. शहाळे मात्र निर्धोक. समोर फोडून घ्यावे. जेवण ताजे आणि वाफाळते असावे. सोलकढी त्याच दिवशी केलेली प्यावी. पहिल्याच दिवशी मासे, फणस, आंबे सगळे एकदम खाऊन पोटाची परीक्षा घेऊ नये.

जुलाब सुरू झालेच तर ओ.आर.एस.ची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून माप सांभाळावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत.

मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर सहल तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. आधी ठरवलेले किल्ले आणि मंदिरे पुढच्या वर्षीही तेथेच असतात.

उकाडा

कोकणातल्या मे महिन्यात पारा आपल्याकडच्याइतका चढत नाही, म्हणून घाटावरची माणसे गाफील राहतात. पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीराला थंड होता येत नाही. डोके दुखणे, चक्कर, पायात गोळे येणे ही सूचना समजावी. सकाळी अकरा ते दुपारी चार सावलीत राहावे. फिरणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

समुद्र

दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. समुद्र नदीसारखा नसतो, तळ्यात पोहता येणारा माणूसही तेथे फसतो. किनाऱ्यावरच्या माणसांना भरती-ओहोटीची वेळ विचारावी. ओहोटीला पाण्यात शिरू नये. गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये आणि मूल नेहमी हाताच्या अंतरावर असावे. लांब वाळूत बसून नजर ठेवणे पुरेसे नाही. दारू पिऊन पाण्यात जाणे म्हणजे जिवावर उदार होणे. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी पाण्याचा उडता फवारा लांबूनच पाहावा; तेथील खडक निसरडे असतात. कोणी ओढला गेला तर त्याच्यामागे उडी मारू नये. दोर, रिकामा प्लास्टिकचा डबा असे काही तरंगते फेकावे आणि मदतीला हाक मारावी.

विंचू आणि साप

कोकणातला लाल विंचू धोकादायक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले तर एक क्षणही घालवू नये. सकाळी बूट-चपला झटकूनच घालाव्यात, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. पोचल्या दिवशीच जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे हे विचारून ठेवावे.

नेहमीची औषधे

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त घ्यावीत आणि हाताजवळच्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या डिकीत मुळीच नको. चिठ्ठीची प्रतही बरोबर असावी. सहलीला गोळी चुकली तरी चालते, ही समजूत चुकीची आहे. इन्सुलिनची वापरातली कुपी सावलीच्या गार जागी साधारण महिनाभर टिकते. ऊन आणि बंद गाडीतला उकाडा तिला सोसत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवणे हा सोपा उपाय आहे. जेवायला उशीर झाला तर मधुमेह्याला थरथर सुटते, गार घाम येतो. अशा वेळी लगेच दोन-तीन चमचे साखर द्यावी. म्हणून साखरेची पुडी खिशात हवीच.

औषधांच्या पिशवीत ओ.आर.एस.च्या पाच-सहा पुड्या, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, कापूस, पट्ट्या आणि जंतुनाशक मलम एवढे पुरे. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मात्र घरीच राहू द्याव्यात.

निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. आजीला किती चालता येते, बाळ केव्हा झोपते, बाबांची इंजेक्शनची वेळ कोणती, हे आधी कागदावर लिहावे आणि मगच पाहायची ठिकाणे लिहावीत. यादी लहान होईल, खर्च कमी होईल आणि परतल्यावर घरी सांगण्यासारख्या गोष्टी उरतील. सर्व वाचकांना सुट्टी सुखाची जावो.