हौदांच्या वाटेने पुणे

ज्या शहरात आपण नोकरी करतो, संसार करतो, त्या शहराची आपली ओळख बहुधा घर, कचेरी आणि बाजार या तीन ठिकाणांपुरतीच राहते. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य पुण्यात गेले. फडके हौद चौकातून बसने किती वेळा जाणे झाले याची गणती नाही. परंतु तेथे हौद दिसत नसता चौकाला हे नाव का, हा प्रश्न मनात आला तो शाळकरी मुलीने विचारला तेव्हा. उत्तर देता आले नाही. म्हणून वैशाखातील सुटीचा एक दिवस ठरवून आम्ही बापलेक पायी निघालो.

उन्हाळ्यात शहर पाहू नये असा समज आहे. पाण्याची कथा पाहावयाची असल्यास मात्र हाच ऋतू योग्य होय.

सकाळी सहाला पर्वती चढलो. दक्षिणेस कात्रजचा डोंगर दिसतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, तेथे तलाव बांधून पाणी अडविण्यात आले आणि दगड-चुन्याच्या भुयारी नळाने ते शहरात आणले गेले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ जमिनीच्या उताराचा अंदाज. नळ इतका प्रशस्त की साफसफाईसाठी माणसाला आत उतरून चालता यावे. ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी वर उच्छ्वास बांधलेले. आठ-नऊ किलोमीटर अंतर कापून हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत जाई आणि वाटेत पेठांतील सार्वजनिक हौद भरी. पुढे खडकवासल्याचे धरण झाले, घरोघर नळ आले. हौद निरुपयोगी ठरले, काही बुजविले गेले, काही रस्त्यात गेले. नावे तेवढी राहिली.

पर्वतीच्या पायथ्याशी सारसबाग लागते. येथील गणपतीला जुने पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण बाग होण्यापूर्वी येथे खरोखरच तळे होते. जवळच आंबिल ओढा. एरवी त्याच्याकडे कोणी पाहात नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला आणि काठच्या वस्तीतील माणसे दगावली. शहराचे पाणी कोठून वाहते हे ठाऊक असणे हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

ऊन चढल्यावर मंडईत आलो. आंबे, मोगरा, वाळ्याच्या जुड्या यांचा संमिश्र वास आणि दगडी इमारतीतील गारवा यांमुळे पाय तेथेच रेंगाळले. ही इमारत १८८६ ची. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला महात्मा फुले यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले! उसाचा रस घेऊन दुपार तुळशीबागेतील राममंदिराच्या सावलीत काढली.

चार वाजता शनिवारवाड्यावरून पूर्वेकडे वळलो. फडके हौदाच्या परिसरात बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो बालपणीच वारलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला आणि सर्व जातींसाठी खुला ठेवला. ‘सर्व जातींसाठी’ हे मुद्दाम सांगावे का लागले, हे मुलीला समजावताना आमची चाल मंदावली.

पाच-सहा किलोमीटरची ही वाट शिक्षकांना विद्यार्थ्यांसह सहज करता येईल. सातच्या आत निघावे, बारा ते चार विसावा घ्यावा, मुलांजवळ पाणी व वही असावी. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील आड, बारव, पाणवठे असेच पायी पाहावेत आणि कोणत्या पाणवठ्यावर पूर्वी कोण पाणी भरी, हे वृद्धांना विचारावे. काही जण सांगतील, काही गप्प बसतील. ते गप्प बसणेही टिपून ठेवावे.

संध्याकाळी गंज पेठेत, आताच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाड्यापाशी आलो. शनिवारवाड्याच्या मानाने हे घर किती लहान! याच घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वी ५९ वर्षे. कात्रजचे पाणी तोवर शंभराहून अधिक वर्षे शहरात वाहात होते.

मुलगी ओसरीवर बसून वहीत लिहीत होती. तिने मान वर करून विचारले, “मग तोपर्यंत ती माणसं पाणी कशी घेत होती, बाबा?”

हौदापासून दूर उभे राहून, मी सांगितले. भांडे खाली ठेवायचे, आणि कोणी वरून पाणी ओतीपर्यंत थांबायचे.

“उन्हात?”

“उन्हात.”